सर्पाच्या शरीराची रचना व आपलें शेत

मृगाचा पाऊस झाला, काळ्या रानाच्या भेगा बुजल्या आणि उंदरांच्या बिळांत पाणी शिरलें, म्हणजे आमच्या पारोळें तालुक्यांत सापांच्या गोष्टींस ऊत येतो. उन्हाळाभर त्याच भेगांत व बिळांत गारव्यास बसलेलीं हीं जनावरें एकाएकीं बेघर होतात; बांधावर येतात, गोठ्यांत येतात, कडब्याच्या गंजींत शिरतात. त्याच दिवसांत आमचीं माणसेंही पहांटेपासून अंधार पडेपर्यंत रानांत असतात. दोघांची गांठ पडावयाची ती येथें पडते. रात्रीं सापाचें नांव घेऊं नये, 'लांबडें' म्हणावें, असा आमच्याकडे रिवाज आहे. नांव न घेतल्यानें तें जनावर टळतें असा अनुभव मात्र कोणास नाहीं.

सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लक्ष माणसें सर्पदंशानें मेलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं, आणि निम्मीं पावसाळ्याच्या चार महिन्यांतलीं. तालुका कचेरींतील नोकरींत अकस्मात मृत्यूचे कागद आमच्या हाताखालून पुष्कळ गेले. त्या कागदांवर 'सर्पदंश' हा एकच शब्द असतो. परंतु त्या एका शब्दाखालीं निदान तीन निरनिराळ्या तऱ्हेचीं मरणें दडलेलीं असतात. तीं कोणतीं, आणि त्यांपैकीं कोणतें कसें टळतें, हें सापाच्या शरीरांत डोकावल्यावांचून समजत नाहीं. म्हणून हा लेख.

प्राणिशास्त्रांत साप, सरडा, पाल, घोरपड, कासव व मगर यांस एकत्र घालून 'सरपटणारे प्राणी' असें नांव दिलेलें आहे. कासव आणि साप यांत सारखेपणा तो काय, असें कोणीही विचारील. अंगावरची कोरडी खवलेदार कातडी, जन्मापासून फुप्फुसानें श्वास घेणें, आणि बाहेरच्या हवेप्रमाणें शरीराची उष्णता कमीजास्त होणें, या तीन गोष्टी या सर्वांत सारख्या आहेत. बेडूक यांत येत नाहीं. त्याची कातडी ओली, आणि त्याचें बालपण माशासारखें पाण्यांत जातें.

यांस 'थंड रक्ताचे' म्हणण्याची चाल आहे. ती थोडी फसवी आहे. बैल किंवा माणूस खाल्लेलें अन्न जाळून ऊब निर्माण करतो, साप ती ऊब बाहेरून घेतो, एवढाच भेद. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दुपारीं उघड्या तापल्या जमिनीवर अडकलेला साप थोड्याच वेळांत मरून जाईल. म्हणून उन्हाळ्यांत तो रात्रीं हिंडतो, आणि पौषाच्या थंडींत सकाळीं बांधावर ऊन खात पडतो. असा पडलेला साप सुस्त दिसतो म्हणून कोणी त्याच्याजवळ जाऊं नये. ऊब आली कीं त्याची चपळाई परत येते, आणि दांत तर थंडींतही तेच असतात.

ऊब निर्माण करण्याचा खर्च नसल्यामुळें त्याचा आहारही अल्प. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यास जेवढें अन्न लागतें त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शांत साप भागवितो. एक मोठा उंदीर गिळल्यावर कित्येक दिवस तो बिळांत स्वस्थ पडतो, आणि प्रसंग पडल्यास महिनेच्या महिने उपाशी राहतो. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर हें फार थोड्या चंदीवर चालणारें जनावर आहे. पाण्याच्या बाबतींतही तो तसाच काटकसरी. त्यास मूत्राशय नाहीं. मूत्रपिंडांतून निघणारा मळ पातळ मूत्र न होतां खडूसारख्या पांढऱ्या घट्ट रूपानें विष्ठेबरोबर पडतो. गोठ्याच्या कोपऱ्यांत अशी पांढऱ्या टोंकाची विष्ठा सांपडली तर ती पालीची असेल, मोठी असेल तर सापाचीही असूं शकेल.

आतां सांगाडा पाहूं. माणसाच्या कण्यांत ३३ मणके असतात. सापाच्या कण्यांत जातीप्रमाणें २०० पासून ४०० पर्यंत. मानेचे पहिले एक-दोन आणि शेपटीचे सोडले तर प्रत्येक मणक्यास बरगड्यांची एक जोडी असते. मात्र या बरगड्या पुढें एकत्र जोडणारें छातीचें हाड त्यास नाहीं. बरगड्यांचीं टोंकें मोकळीं, म्हणूनच स्वतःच्या डोक्याहून जाड उंदीर त्याच्या पोटांतून पुढें सरकूं शकतो. नागाचा फणा म्हणजे दुसरें कांहीं नव्हे, मानेच्या लांबट बरगड्या पसरून वरची कातडी ताणली जाते, इतकेंच. पोटाखालीं आडव्या रुंद पट्ट्यांची एक रांग असते. त्यांच्या कडा जमिनीच्या खडबडीतपणास अडकतात व स्नायू शरीर पुढें ओढतात. गुळगुळीत फरशीवर साप नुसता वळवळतो, फारसा पुढें जात नाहीं, त्याचें कारण हेंच. पाय त्यास नाहींत. पण त्याच्या पूर्वजांस होते. अजगर व मांडूळ यांच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस नखासारखी एक-एक बारीक खुंटी आढळते, ती मागच्या पायांची उरलेली खूण होय.

अशा नळीसारख्या शरीरांत हृदय, फुप्फुस, यकृत, जठर हीं सगळीं इंद्रियें मावावयाचीं कशीं? अरुंद बोळांतून बैलजोडी शेजारीं-शेजारीं चालवितां येत नाहीं, एकामागें एक न्यावी लागते. तीच युक्ति येथें आहे. उजवें मूत्रपिंड पुढें व डावें मागें. फुप्फुसांपैकीं उजवें खूप लांबलेलें, आणि डावें बहुतेक सापांत नाममात्र उरलेलें किंवा मुळींच नसलेलें. हृदयास तीन कप्पे. वरचे दोन स्वतंत्र, खालचा एकच, आणि त्यांत अर्धवट पडदा. मगरीच्या हृदयास मात्र आपल्यासारखे चार कप्पे आहेत. आपल्यांत छाती व पोट यांमध्यें जो पडदा असतो तो सापास नाहीं. बरगड्या हलवून तो श्वास घेतो.

त्याच्या तोंडाची रचना मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण आपल्या बहुतेक भ्रमांचें मूळ तेथेंच आहे. आपला खालचा जबडा एक अखंड हाड आहे. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन अर्धे असून ते हनुवटीशीं लवचिक बंधनानें बांधलेले असतात. मागच्या बाजूस जबडा कवटीशीं थेट सांधलेला नसून मध्यें एक हलतें हाड आहे. त्यामुळें तोंड उंचीस व रुंदीस दोन्हींकडे ताणतें. दांत सुईसारखे बारीक व घशाकडे वळलेले. तोंडांत आलेला उंदीर सुटावयास धडपडला कीं ते अधिकच रुततात. मग साप एकदां उजवा जबडा पुढें सरकवितो, एकदां डावा, आणि दोर हातोहात ओढावा तसें भक्ष्य आंत ओढतो. तो चावून खात नाहीं. ते दांत चावण्याचे नव्हेतच. तोंड गच्च भरलेलें असतांना श्वास कसा घ्यावा? श्वासनलिकेचें तोंड त्याच्या जिभेच्या वरच उघडतें, आणि गिळतांना तो तें नळीसारखें पुढें काढूं शकतो.

ही रचना एकदां ध्यानांत आली म्हणजे धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, ही गोष्ट किती पोकळ आहे तें कळेल. दूध ओढावयास ओंठ व गाल यांची पोकळी लागते. सापास तशी पोकळी नाहीं. त्याचे मागें वळलेले दांत सडास लागले तर गाय रक्तबंबाळ होईल आणि लाथ मारील. स्वस्थ उभी राहणार नाहीं. गाय आटली तर चारा पाहावा, सडाचा रोग पाहावा, गुराख्याकडेही एकदां पाहावें. नागपंचमीस टोपलींतला नाग वाटींत तोंड घालतो तें अनेक दिवस पाण्यावांचून ठेवल्यामुळें; तें दूध त्यास पचत नाहीं. नाग पकडून असा खेळ करणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे.

धामणीविषयीं आणखी एक समजूत अशी कीं, ती नागाची मादी. नागांत नर व मादी दोन्ही असतात, आणि धामणींतही. मे-जूनमध्यें दोन धामणी एकमेकींस पिळे घालून अर्धें अंग उंच उचलतात. त्यास आपण सापांचें लग्न समजून वर कापड टाकतों. बहुधा ते दोघेही नर असतात, आणि ती त्यांची कुस्ती असते. मादी दुसरीकडेच असते.

सापाच्या डोळ्यांस पापण्या नाहींत. त्यांवर चष्म्याच्या कांचेसारखा एक पारदर्शक खवला असतो, म्हणून तो झोंपेंतही टक लावून पाहतोसा वाटतो. कात टाकण्यापूर्वीं कांहीं दिवस हा खवला दुधाळ निळसर होतो. त्या वेळीं त्यास अंधुक दिसतें व तो अधिक चिडखोर असतो. कात ओंठांपासून सुटते आणि पायमोजा काढावा तशी उलटी होत निघते. नीट पाहिल्यास तिच्यांत डोळ्यांवरच्या त्या दोन कांचाही दिसतात.

बाहेरचा कान व कानाचा पडदा सापास नाहीं. आंतला कान आहे, व तो एका बारीक हाडानें जबड्याशीं जोडलेला आहे. जबडा जमिनीस टेकलेला असतां जमिनीचा कंप त्यास कळतो. हवेंतील खालच्या पट्टीचे आवाजही कांहीं अंशीं कळतात. पुंगीची सुरावट मात्र त्यास उमगत नाहीं. तो गारुड्याच्या हलत्या हातावर व पुंगीच्या टोंकावर नजर ठेवून डोलतो. रात्रीं बांधानें जातांना काठी आपटीत जावें, असें आमचे वडील सांगत. तें अगदीं शास्त्रशुद्ध होतें.

त्याचें खरें नाक म्हणजे त्याची जीभ. ती दुभंगलेली जीभ तो वारंवार बाहेर काढून हवेंतील व जमिनीवरील वासाचे सूक्ष्म कण टिपतो आणि टाळूंतील दोन खोबणींतल्या घ्राणेंद्रियाकडे पोंचवितो. जिभेचीं दोन टोंकें असल्यामुळें वास उजवीकडे अधिक कीं डावीकडे हें त्यास कळतें. उंदीर कोणत्या बिळांत गेला याचा माग तो असा काढतो. जिभेंत विष नाहीं, काटाही नाहीं. डूख धरून बारा वर्षांनीं सूड घेणाऱ्या नागाची गोष्ट सर्वांनीं ऐकलेली आहे. परंतु माणसाचा चेहरा ओळखून वैर जपावें एवढें त्याच्या मेंदूचें सामर्थ्य नाहीं.

आतां विषाकडे येऊं. विष ही कांहीं बाहेरून भरलेली वस्तु नव्हे. तें लाळेचेंच तीक्ष्ण झालेलें रूप आहे. डोळ्याच्या मागें, वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंस विषग्रंथि असतात. चावतांना त्यांवरचा स्नायू आवळला कीं विष नलिकेनें दांतांत उतरतें. विषदंत आंतून पोकळ असून डॉक्टरांच्या सुईसारखे टोंकाजवळ उघडतात. नाग व मण्यार यांचे विषदंत आंखूड व पुढेंच ताठ बसविलेले. घोणस व फुरसें यांचे लांब, एरव्हीं टाळूशीं दुमडून ठेवलेले आणि तोंड उघडतांच चाकूच्या पात्यासारखे पुढें येणारे. धामण, तस्कर व दिवड यांस विषदंतच नाहींत. भारतांत सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत. परंतु माणसें मरतात तीं मुख्यतः या चौघांमुळें.

नागाचें विष मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर बसतें. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोंचत नाहीं. पापण्या जड होतात, बोलणें अडखळतें, शेवटीं श्वासाचे स्नायू थांबतात. चावल्या जागीं सूज येते व मांस सडतें. मण्यारीचें विष याच जातीचें, परंतु अधिक कपटी. ती रात्रीं घरांत शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिचे दांत इतके बारीक कीं खूण शोधूनही सांपडत नाहीं, सूज नाहीं, वेदना नाहीं. पहांटे पोटांत दुखूं लागतें. घरचीं माणसें अपचन समजून ओवा देतात, शेक देतात. आणि उजाडेपर्यंत मुलाच्या पापण्या मिटूं लागलेल्या असतात. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पोटांत पहांटे एकाएकीं दुखूं लागलें व डोळे उघडे राहीनात, तर प्रथम मण्यार आठवावी, मग अपचन. खाटेवर निजणें, आणि मच्छरदाणी अंथरुणाखालीं चहूंबाजूंनीं खोंचणें, यापरता स्वस्त उपाय नाहीं.

घोणस व फुरसें यांचें विष रक्तावर चालतें. घोणशीचें विष रक्त गोठविणाऱ्या घटकांस एकदम चेतवितें. शरीरभर बारीक गुठळ्या होऊन तो सगळा सांठा संपतो, आणि मग रक्त गोठेनासें होतें. हिरड्यांतून, लघवींतून रक्त जातें, अवयव सुजतो; आणि पुष्कळदां रोगी दोन-चार दिवस बोलतो-चालतो, पण मूत्रपिंडें बंद पडून जातो. फुरसें वीतभर-दीडवीत लांबीचें. दगडाळ, हलक्या रानांत सांपडतें, आणि खवल्याशीं खवला घांसून करवतीसारखा आवाज करतें. त्याचा आकार पाहून तें क्षुल्लक समजूं नये. ही दोन्हीं जनावरें अंडीं घालीत नाहींत. पिलें जिवंत जन्मतात, आणि जन्मल्या दिवसापासून विषारी असतात. नाग, मण्यार व धामण अंडीं घालतात.

हें ध्यानांत घेतल्यावर मांत्रिकाचें यश कोठून येतें तें उघड होतें. चावणाऱ्या सापांपैकीं बरेच बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळीं विष सोडतोच असें नाहीं. अशा माणसावर मंत्र टाकला तरी तो वांचतो, कडुलिंबाचा पाला चारला तरी वांचतो, आणि नुसता ओट्यावर बसवून ठेवला तरी वांचतो. यश मात्र मांत्रिकाच्या पदरीं पडतें. ज्याच्या अंगांत खरोखर विष गेलें तो माणूस त्याच ओट्यावर आपले मोलाचे दोन तास गमावून बसतो. मांत्रिकाशीं आमचें वैर नाहीं. परंतु पाला कडू लागतो कीं गोड, यावरून विषाची परीक्षा करणें म्हणजे बियाणें न पाहतां पिशवीवरचें चित्र पाहून कपाशी पेरणें होय.

दोरीनें करकचून बांधण्याची चालही अशीच घातक आहे. रक्त अडून तो अवयव काळा पडतो, नागाच्या विषानें सडणारें मांस अधिक सडतें, आणि गांठ सोडतांच अडलेलें विष एकदम पसरतें. ब्लेडनें चिरणें तर घोणशीच्या दंशांत प्राणघातक, कारण तें रक्त थांबणारच नाहीं. मोडलेल्या हाताला बांधतात तशी काठी लावून तो अवयव स्थिर ठेवावा, अंगठी, कडें, तोडे आधीं काढावे, माणसास चालवूं नये, आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. गाडीस वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्यें बसवून न्यावा. आमच्या भागास पारोळ्याचें सरकारी रुग्णालय जवळचें. श्वासाचें यंत्र किंवा मूत्रपिंडाचें यंत्र लागेल तर धुळ्याचें किंवा जळगांवचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. पैकीं धुळें येथून सुमारें ३५ किलोमीटर, आणि जळगांव त्याहून दूर.

यावर औषध एकच, तें म्हणजे प्रतिसर्पविष. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फ्रान्समध्यें त्याचा शोध लागला. घोड्यास विषाची अत्यल्प मात्रा, मग थोडी अधिक, अशी टोंचीत गेल्यास त्याच्या रक्तांत त्या विषास मारणारें द्रव्य तयार होतें. तें वेगळें काढून शुद्ध केलें म्हणजे झालें प्रतिसर्पविष. प्लेगच्या दिवसांत डॉक्टर हाफकिन यांनीं मुंबईस काढलेली प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या लाटसाहेबांच्या बंगल्यांत आहे. १९२५ सालीं तीस त्यांचें नांव मिळालें, आणि महाराष्ट्रांत या औषधाची परंपरा तेथूनच चालत आली. विष काढण्याच्या कामांत मद्रासकडील इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची १९७८ सालची सहकारी संस्था प्रमुख आहे. सहकारी संस्थेचे सभासद असलेल्या आमच्या वाचकांस हें ऐकून संतोष वाटेल.

आपल्याकडील औषध चारही सापांच्या विषावर एकच असतें. म्हणून डॉक्टरांस दाखविण्याकरितां साप शोधून मारण्यांत वेळ घालवूं नये. त्यांत कित्येकदां दुसराही माणूस चावून घेतो. डॉक्टर लक्षणांवरून व रक्तावरून निदान करतात. कांचेच्या स्वच्छ कोरड्या नळींत थोडें रक्त घेऊन तें २० मिनिटें न हलवितां ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पाण्यासारखें वाहिलें तर तें घोणशीचें अथवा फुरशाचें काम. 'नुसती बाटली टेबलावर ठेवून डॉक्टर बसून राहिले', अशी तक्रार आम्हीं नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेली आहे. तें बसून राहणें हीच तपासणी असते.

या औषधासही मर्यादा आहे, आणि ती शरीररचनेंतूनच निघते. रक्तांत फिरणारें विष तें निकामी करतें. जें आधींच मज्जातंतूंत रुतून बसलें तें बाहेर काढीत नाहीं. नागाच्या विषानें अडलेला सांधा दुसऱ्या एका इंजेक्शनानें पुष्कळदां मोकळा होतो. मण्यारीचें विष मज्जातंतूचें टोंकच बिघडवितें. शरीर नवें टोंक घडवीपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, यंत्रानें श्वास चालवावा लागतो. तेवढे दिवस यंत्र चाललें तर माणूस उठून घरीं जातो. म्हणून मण्यारीचा रोगी निपचित पडला, डोळे मिटले, हातपाय हलेनात, तरी तो मेला असें समजून आशा सोडूं नये. पुष्कळदां त्यास सर्व ऐकूं येत असतें. मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम जाहीर केला आहे. तो सिद्धीस जाणें हें औषधाइतकेंच रोगी किती लवकर पोंचतो यावर अवलंबून आहे.

एवढें विषपुराण सांगितल्यावर साप दिसतांच मारावा असें कोणास वाटेल. आमचें मत उलट आहे. आमच्या तालुक्यांत उंदिरखेडें नांवाचें गांव आहे. उंदरांचा उपद्रव येथें आजचा नव्हे, हें त्या नांवावरून कोणासही पटेल. उंदराची मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें आणि एका वेतांत सहा-आठ पिलें देते. बाजरीच्या कणसांपासून कोठींतल्या धान्यापर्यंत व ठिबकच्या नळ्यांपर्यंत त्यांचे दांत चालतात. मांजर बिळाच्या तोंडाशीं थांबतें. घुबड बाहेर आलेला उंदीर टिपतें. बिळाच्या शेवटच्या दालनांत जाऊन पिलांसकट फडशा पाडणारा प्राणी सापच. वर वर्णिलेली ती नळीसारखी देहरचना याच कामास घडलेली आहे. धामण पूर्ण बिनविषारी आणि पुरुषभर, कधीं त्याहूनही लांब. तिचा वावर ज्याच्या खळ्याभोंवतीं आहे त्यानें तिला हात लावूं नये. घरांत विषारी साप शिरला तर सर्पमित्रास किंवा वनखात्यास कळवावें.

घोरपड व मांडूळ यांविषयींही चार शब्द लिहिणें भाग आहे, कारण त्यांच्या शरीराचाच व्यापार चालतो. 'हत्थाजोडी' या नांवानें जें एक दुर्मिळ मूळ भरभराटीसाठीं तिजोरींत ठेवावयास विकतात, तें मूळ नसून नर घोरपडीचें वाळविलेलें जननेंद्रिय असतें. सापाप्रमाणें घोरपडीच्या नरासही तें जोडीनें असतें, म्हणून तें जोडलेल्या हातांसारखें दिसतें. घोरपड मारणें व हें द्रव्य बाळगणें दोन्ही गुन्हे आहेत. मांडुळास दोन तोंडें नाहींत. शेपूट आंखूड व बोथट आहे, आणि शत्रूनें डोक्याऐवजीं तिच्यावर घाव घालावा अशी ती निसर्गाची योजना आहे. अधिक वजनाच्या मांडुळास लाखों रुपये देणारा गिऱ्हाइक आहे असें सांगत कोणी आल्यास तो एकतर फसवावयास आलेला आहे किंवा आपणांस तुरुंगांत घालावयास.

शेतांत जो दंश होतो तो बहुतेक पायास किंवा हातास. विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे आमचे सालदार अनवाणी पाणी भरतात. त्यांस गुडघ्यापर्यंतचे बूट व चांगली बॅटरी देणें हें मालकाचें काम आहे, सालदाराच्या हौसेचें नव्हे. निंदणी करतांना, कपाशी वेचतांना व पऱ्हाटीचा ढीग उचलतांना आधीं काठीनें हलवून मग हात घालावा.

राहतां राहिली कागदांची बाब. खातेदार शेतकरी अथवा त्याच्या कुटुंबांतील व्यक्ति सर्पदंशानें दगावल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें चालणाऱ्या शेतकरी अपघात अनुदान योजनेंतून वारसांस दोन लक्ष रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो, आणि त्यास सातबारा, वारसाची नोंद व मृत्यूचें कारण दाखविणारे कागद लागतात. मांत्रिकाच्या ओट्यावर जो गेला आणि परस्पर ज्याचा अंत्यविधि उरकला, त्याच्या मरणाचें कारण सर्पदंश होतें असें लिहून देण्यास मग कोणीच उरत नाहीं. म्हणून मृत्यु वाटेंत आला तरी शव रुग्णालयांत न्यावें, पोलीस ठाण्यांत वर्दी द्यावी आणि पंचनाम्याची प्रत त्याच दिवशीं मागून घ्यावी.